बट्टीचा आग्रह आणि पैशाचा आग्रह : रावेरची केळी, इराणचा व्यापारी

हे प्रकरण माझ्या घरातलं आहे. नानामामा रावेर तालुक्यात केळी पिकवतात आणि २०२१ पासून निर्यातही करतात. मी जळगावला वाणिज्य शिकवतो, त्यामुळे त्यांचा पत्रव्यवहार आणि कागदपत्रं सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येतात. २०२३ च्या सुरुवातीला एका इराणी व्यापाऱ्याशी झालेल्या व्यवहारात जे घडलं, ते मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. इथे ते सगळं सविस्तर लिहितो आहे. दोन्ही बाजूंची माणसं आजही व्यापारात आहेत, म्हणून नावं दिलेली नाहीत. नानांना सगळे नाना म्हणतात आणि त्या व्यापाऱ्याला सगळे हाजी आगा म्हणायचे. वयाने मोठ्या, हज करून आलेल्या माणसाला तिकडे मानाने असंच हाक मारतात. या लेखात तीच दोन संबोधनं पुरतील.

आधी माल कसला आणि तो जातो कसा, हे सांगतो. रावेर, यावल, चोपडा हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निर्यातीसाठी बहुतेक ग्रँड नैन जातीची, ऊतिसंवर्धित रोपांची बाग धरतात. घड पूर्ण भरायच्या आत, हिरवा असतानाच कापतात. पॅक हाऊसमध्ये फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात धुतात, चीक निघून गेला की तेरा किलोच्या पेटीत भरतात. चाळीस फुटी रीफर, म्हणजे आतून थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये अशा १५४० पेट्या बसतात, म्हणजे साधारण वीस टन. तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून गार झालं तर साल आतून काळवंडते, गरम झालं तर माल वाटेतच पिकायला लागतो. कंटेनर न्हावा शेव्याहून इराणच्या बंदर अब्बासला जातो आणि तिथल्या रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन केळी पिकवतात.

या सगळ्यात माणसाच्या बोलण्याला जागा कुठे आहे, असं वाटेल. पण या प्रकरणात कंटेनरचं तापमान बरोबर होतं, कागद बरोबर होते, जहाज वेळेवर होतं. गडबड झाली ती डिसेंबरात, नानांच्या ओसरीवर, जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांत.

हाजी आगा २०२२ च्या डिसेंबरात बागा बघायला आले. सोबत दुबईच्या मध्यस्थाकडचा एक तरुण होता, तो फारसी आणि हिंदी दोन्ही बोलायचा. तोच दुभाषा. पाहुणे यायच्या आधी घरात मोठी तयारी झाली होती. माझ्या मामेभावाने इंटरनेटवरून यादीच काढली होती : डाव्या हाताने काही द्यायचं नाही, बायकांनी हात मिळवायला पुढे व्हायचं नाही, नमाजासाठी स्वच्छ खोली ठेवायची, पश्चिमेची भिंत मोकळी ठेवायची. घर माळकरी, त्यामुळे मांसाहाराचा प्रश्नच नव्हता. मामीने वरण-बट्टी केली आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरीबरोबर. हाजी आगांनी भरीत चाखलं आणि डोळे मिटून मान डोलावली. त्यांच्याकडेही वांगं भाजून, कुस्करून खातात. मामीने दुसरी बट्टी पुढे केली. त्यांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. मामीने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मामीने न विचारता बट्टी ताटात ठेवून वर तुपाची धार सोडली, आणि हाजी आगांनी ती शेवटपर्यंत संपवली. नानांना फार आनंद झाला. मला म्हणाले, "हे तं आपल्यासारखेच निंघाले रे. आग्रेव केल्याशिवाय जेवत नाही."

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे. त्या क्षणापर्यंत नाना सावध होते. बट्टी संपली आणि सावधपणाही संपला.

जेवणानंतर व्यवहार बोलायला बसले. दर आधीच फोनवर ठरला होता, कराराचा मसुदा मीच केला होता. दोन कंटेनर, माल भरायच्या आधी ३० टक्के आगाऊ, उरलेली रक्कम बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत पाठवल्यावर. हाजी आगा म्हणाले, "आगाऊ रक्कम या आठवड्यातच पाठवतो." नाना म्हणाले, "अहो राहू द्या, पैशाची काय घाई आहे? तुम्ही घरच्यासारखे." दुभाष्याने भाषांतर केलं. हाजी आगा म्हणाले, नाही, नाही, हिशोब तो हिशोब. नाना हसून म्हणाले, "हिशोब होत राहील. आधी माल पोचू द्या." हाजी आगांनी पुन्हा नको म्हटलं. नाना तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो खरंच राहू द्या." तेव्हा हाजी आगा उठले, त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही बोलले. दुभाष्याने एवढंच सांगितलं : "ते म्हणतात, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही." नाना लाजले. मी तिथेच होतो. मलाही वाटलं, बोलणी छान झाली.

आता आपल्याकडे "राहू द्या" या शब्दांचं वजन काय, ते आपण सगळे जाणतो. हॉटेलात बिल देताना दोघं एकमेकांचा हात धरतात, "मी देतो", "तुम्ही राहू द्या" चालतं, पण ज्याचं देणं आहे तो शेवटी समोरच्याच्या खिशात नोट कोंबतोच. "राहू द्या" म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं, तो खिसा फार घट्ट धरत नाही. जेवणाचा आग्रह हा खरा आग्रह, त्यात ताटात पडलेलं खावंच लागतं. पैशाचा आग्रह हा मान द्यायची पद्धत, त्यात पैसे द्यावेच लागतात. एकाच घरात, एकाच दुपारी आपण हे दोन वेगळे नियम वापरतो आणि ते वेगळे आहेत हे आपल्या कधी लक्षातही येत नाही.

इराणमध्ये या सगळ्या बोलण्याला नाव आहे : तआरोफ. दुकानात किंमत विचारली तर दुकानदार "काबेली नदारे" म्हणतो, म्हणजे तुमच्यापुढे या वस्तूची काय किंमत. गिऱ्हाईकाने तेव्हा पैसे द्यायचेच असतात, वस्तू उचलून निघून जायचं नसतं. पाहुण्याने फळ नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा पुढे करायचं, असं दोन-तीनदा झालं की मग घ्यायचं. इथपर्यंत आपल्यासारखंच दिसतं. पण तिथे एक अलिखित रेषा आहे. एकदा म्हटलं तर शिष्टाचार. दोनदा म्हटलं तरी बहुधा शिष्टाचारच. समोरच्याने खरोखर नकार दिल्यावरही माणूस तिसऱ्यांदा तेच म्हणत राहिला, तर त्याच्या मनात तसंच आहे असा अर्थ निघू शकतो. मग ते न स्वीकारणं म्हणजे त्याचा अपमान. हाजी आगांनी दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा त्यांनी नानांचा मान राखला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या दुपारी आगाऊ रकमेचं कलम नानांनी स्वतःहून मागे घेतलं होतं, तेही साक्षीदारांसमोर.

नानांनी मात्र कलम मागे घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त मान दिला होता.

जानेवारी सरत आला. आगाऊ रक्कम आली नाही. नानांनी विचारलं नाही, कारण विचारणं बरं दिसत नव्हतं. शेतकऱ्यांकडून माल घेतला, अकरा जणांच्या बागा, आठ दिवसांत पैसे देण्याच्या बोलीवर. दोन्ही कंटेनर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रवाना झाले. पिढ्यान्‌पिढ्या केळीचा धंदा तोंडी बोलीवर चाललेल्या भागात "येऊन जातील" हे पुरेसं होतं, आणि मीही जोर धरला नाही. ही माझी चूक होती आणि ती मी कुणावर ढकलत नाही. करार मी लिहिला होता. कलम पाळलं गेलं नाही तर माल भरायचा नाही, हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी हाजी आगांचा एक लांब संदेश आला, दुबईच्या मुलाने हिंदीत करून पाठवलेला. आधी नानांच्या तब्येतीची चौकशी, मग मामीच्या हातच्या जेवणाची आठवण, मग रावेरच्या मातीचं कौतुक, मग मार्चमधल्या नौरोजच्या, म्हणजे इराणी नव्या वर्षाच्या, आगाऊ शुभेच्छा. शेवटून दुसऱ्या ओळीत एवढंच होतं की काही पेट्यांतल्या फळांचा रंग पिकल्यावर थोडा सावळा आला, पण ही काही मोठी गोष्ट नाही. मामेभावाने वाचलं, "मोठी गोष्ट नाही" म्हटलंय म्हणून सोडून दिलं आणि खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं.

ती मोठी गोष्ट होती. जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला रात्री कडाक्याची थंडी पडते. त्या थंडीत झाडावरच्या फळाला चिलिंग लागतं, पण हिरव्या सालीवर ते दिसत नाही. पेटीत भरताना माल स्वच्छ असतो. पिकवल्यावर मात्र पिवळा धमक रंग येत नाही, मळकट करडी छटा येते. नानांनी लबाडी केली नव्हती, हाजी आगाही खोटं बोलत नव्हते. त्यांचा माल नेमका नौरोजच्या खरेदीसाठी होता. नव्या वर्षाला घरोघर पाहुणे येतात, त्यांच्यापुढे फळांची थाळी ठेवावीच लागते, त्यात संत्री, सफरचंदं, केळी आणि चक्क काकडीही असते. थाळीतली केळी मळकट दिसली तर यजमानाची शोभा होते. त्यांनी तक्रार केली होती, पण त्यांच्या रिवाजाप्रमाणे कौतुकात गुंडाळून आणि शेवटी ठेवून. उत्तरादाखल त्यांना हात जोडलेलं चित्र मिळालं. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल, ते मला पुढे कळलं : माल पाठवणाऱ्याला माझ्या नुकसानीशी घेणंदेणं नाही.

इकडे शेतकरी नानांच्या दारात यायला लागले. पहिल्यांदा नुसते चहाला, मग पैशाची आठवण काढायला. होळीच्या आठवड्यात एक जण बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, इराणवाल्यानं बुडवलं का तुम्हाले?" त्या रात्री माझ्या मामेभावाने इंग्रजीत ईमेल लिहिला. विषयाच्या ओळीत "अंतिम स्मरणपत्र". आत करारातलं कलम, थकलेली रक्कम, सात दिवसांची मुदत आणि नाही तर कायदेशीर मार्ग. त्याची प्रत त्याने आठ जणांना पाठवली. त्यांत होते दुबईचा मध्यस्थ, शिपिंग एजंट, मालाची तपासणी करणारा, आणि आणखी एक इराणी आयातदार, ज्याच्याशी आमची नुकतीच ओळख झाली होती. त्याचा हेतू दबाव आणण्याचा होता. आपल्या तरुण मुलांना हेच शिकवलं जातं की लेखी मागा, सगळ्यांना प्रत ठेवा. मीही शिकवतो.

दुसऱ्या दिवसापासून हाजी आगांनी फोन उचलणं बंद केलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण वर्गात विद्यार्थी लगेच सगळं संस्कृतीच्या खात्यावर टाकतात. पैसे उशिरा येण्याचं एक कारण संस्कृतीचं नव्हतंच. अमेरिका मे २०१८ मध्ये इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली, निर्बंध परत आले, आणि इराणी बँकांशी थेट व्यवहार अवघड झाले, म्हणून पैसे दुबईमार्गे यायचे. खाद्यपदार्थ निर्बंधांतून वगळलेले असले तरी बँका हात आखडता घेतात, कागद तपासत बसतात. त्यात तेव्हाच्या सुट्ट्यांची गंमत : इराणात गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे, अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, आपल्याकडे बँकांना रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. तिन्ही ठिकाणी पूर्ण कामकाज असे दिवस सोमवार, मंगळवार, बुधवार. एखादा कागद बुधवारी दुपारी अडकला की तो पुढच्या सोमवारपर्यंत हलत नाही. नानांना हे दिसत नव्हतं, त्यांना फक्त "पैसे आले नाहीत" दिसत होतं. हाजी आगांना मात्र हे रोजचंच होतं, म्हणून त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही.

त्या वर्षीचा मार्च तर सगळ्यांसाठीच अवघड होता. नौरोज २१ मार्चला, आपला पाडवा २२ मार्चला, इराणात रमजान २३ मार्चपासून, आणि आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपणार. नौरोजपासून तेराव्या दिवसापर्यंत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत, तिकडचं बरंचसं कामकाज थंड असतं. तेराव्या दिवशी घरात बसायचं नाही, रानात, नदीकाठी जायचं असा रिवाज आहे. म्हणजे २० मार्चच्या आत पैसे हलले नाहीत तर ते एप्रिलशिवाय येणार नव्हते. नानांनी शेतकऱ्यांना पाडव्याचा शब्द दिला होता.

मी मुंबईतल्या एका फारसी जाणणाऱ्या बाईंना सगळे संदेश पाठवले आणि डिसेंबरची हकीकत सांगितली. त्यांनी अर्धा तास काही विचारलं नाही. मग एकच प्रश्न विचारला, "तुमचे मामा 'राहू द्या' किती वेळा म्हणाले?" फोन स्पीकरवर होता. नानांनी बोटं मोजली. "तीनदा. चारदाही आसंन."

बाई म्हणाल्या, "मग त्यांनी तुमचं ऐकलं, एवढंच झालं."

नाना बराच वेळ गप्प होते. मला वाटतं, त्यांना पैशांपेक्षा याचं वाईट वाटलं की आपण दिलेला मान समोरच्याला खराच वाटला आणि आपण मात्र तो तितक्या खरेपणाने दिला नव्हता.

बाईंनी आणखी तीन गोष्टी उलगडल्या. पहिली, संदेश शेवटून वाचायचा. दुसरी, "चश्म" या शब्दाची. फेब्रुवारीत पैशांबद्दल हलकेच विचारलं तेव्हा हाजी आगा दर वेळी "चश्म" म्हणायचे, दुभाषा "हां जी" करायचा, आणि आम्ही तो होकार धरायचो. त्याचा शब्दशः अर्थ डोळा, म्हणजे तुमचं म्हणणं डोळ्यांवर. ते सौजन्य आहे, तारीख नव्हे. आपल्या "बघू", "होऊन जाईल" यांच्या जवळचं. तिसरी गोष्ट ईमेलची, आणि ती सांगताना त्या जरा कडक झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही आठ लोकांसमोर त्यांची आबरू काढलीत."

आबरू म्हणजे चेहऱ्याचं पाणी. मराठीत तोच शब्द अब्रू म्हणून आहे आणि आपणही "पाणी उतरवलं" म्हणतो. खानदेशावर फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं राज्य केलं, त्यानंतर मोगल आले, दरबाराची भाषा फारसी, आणि तिथले कितीतरी शब्द आपल्या जिभेवर राहिले. नुसते शब्द जुळतात म्हणून अर्थ जुळतीलच असं नाही. रसीद तिकडे "पोचला" आहे आणि आपल्याकडे पावती. हफ्ते म्हणजे आठवडा, आपला हप्ता कर्जाचा. केळ्याला ते मौज म्हणतात, हे कळल्यावर पॅक हाऊसमधल्या पोरी दिवसभर हसत होत्या. पण अब्रूच्या बाबतीत शब्दही तोच आणि अर्थही तोच. जिथे आम्हाला फरक आहे असं वाटलं नव्हतं तिथे फरक निघाला, आणि जिथे सहज विचार केला असता तर सारखेपणा सापडला असता, तिथे आम्ही बेदरकार वागलो. बैठकीत शेतकऱ्याने चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाने नानांना जी जखम झाली, तीच आम्ही त्याच रात्री हाजी आगांना केली होती.

बुधवार, १५ मार्च. नानांनी स्वतः फोन लावला. दुभाषा दुबईचा नाही, त्या मुंबईच्या बाईच. पहिली दहा मिनिटं पैशाचा विषय नाही. तब्येत, नातवंडं, तिकडची थंडी, नौरोजच्या शुभेच्छा, आपला पाडवाही दुसऱ्याच दिवशी आहे हे सांगणं. मग नाना म्हणाले, "पोराच्या हातून पत्र गेलं. पोरगं आहे. मी त्याचा बाप आहे, चूक माझी." मग केळीच्या रंगाबद्दल : "थंडीचा माल होता. मी पाहिला असता तर भरला नसता." आणि शेवटी, "माझ्या दारात अकरा माणसं उभी आहेत हाजी आगा. पाडव्याला त्यांना तोंड दाखवायला पाहिजे. माझी अब्रू तुमच्या हातात आहे." बाईंना हे वाक्य फारसीत फारसं फिरवावं लागलं नाही.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग हाजी आगा म्हणाले, "रू-ये चश्म." डोळ्यांवर. यावेळी नाना तिथे थांबले नाहीत. बाईंनी आधीच शिकवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "मग सोमवारी माझ्या पोराने दुबईला कुणाशी बोलायचं?" रक्कम नाही विचारली, तारीख नाही विचारली, माणूस विचारला. हाजी आगांनी नाव आणि नंबर दिला. तिथून तो शब्द शिष्टाचारातून कामकाजात आला.

सोमवारी, २० मार्चला, निम्मी रक्कम जमा झाली. उरलेली ११ एप्रिलला. मधल्या काळात पाडव्याचा शब्द पाळण्यासाठी मामीच्या पाटल्या आणि गोफ तारण ठेवावे लागले. ते जूनमध्ये सुटले. व्याज कुणीच भरून दिलं नाही, ते नानांनी मागितलंही नाही. मामीने त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, पण पाडव्याला तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या आणि ते मी विसरू शकत नाही.

रंगाच्या तक्रारीचं काय झालं, ते मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. नानांनी पुढच्या कंटेनरमध्ये चाळीस पेट्या जादा भरल्या आणि कळवलं की ही नातवंडांची ईदी. नौरोजला तिकडे मोठी माणसं लहानांना ईदी देतात. नुकसानभरपाई हा शब्द कुठेच आला नाही. हाजी आगांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. दोघांनाही माहीत होतं की हे काय आहे.

आता थोडं विश्लेषण, कारण अभ्यासक्रमात याला प्रकरण अभ्यास म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या वर्गात आपण एडवर्ड हॉलची मांडणी शिकवतो : काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत संदर्भात. गेर्ट हॉफ्स्टेडने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून देशांना गुण दिले, तेही शिकवतो. त्याच्या मूळ गुणांत व्यक्तिवादाच्या मापावर भारत ४८ आणि इराण ४१. इतके जवळ की विद्यार्थी म्हणतो, फारसा फरक नाही, पुढे चला. जर्मन किंवा डच माणसाशी व्यवहार असता तर आम्ही पहिल्या दिवसापासून जपून बोललो असतो, प्रत्येक वाक्य तपासलं असतं. इथे बट्टीचा आग्रह जुळला आणि आम्ही तपासणं सोडलं. मापं देशांची अंतरं सांगतात. एकाच ओसरीवर जेवणाचा आग्रह आणि पैशाचा आग्रह यांचे नियम वेगळे आहेत, हे त्यांच्यात कुठे बसणार? माझं ठाम मत झालं आहे की दूरच्या माणसापेक्षा जवळच्या वाटणाऱ्या माणसाबद्दल जास्त शोधाशोध करावी लागते. मामेभावाने काढलेल्या त्या यादीत डावा हात होता, नमाजाची खोली होती. "आपल्यासारखंच काय दिसतंय आणि ते खरंच तसंच आहे का" हा प्रश्न नव्हता.

मामेभावाचं मत माझ्याहून वेगळं आहे आणि ते इथे मांडणं मला आवश्यक वाटतं. तो म्हणतो, हे सगळं समजूतदारपणाचं बोलणं ठीक, पण आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय माल भरायचाच नाही हा एकच नियम पाळला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. तो अर्धा बरोबर आहे. लेटर ऑफ क्रेडिटचा, म्हणजे बँकेच्या हमीपत्राचा, मार्ग त्या काळात इराणी बँकेकडून मिळणं दुरापास्त होतं, पण आगाऊ रकमेचा नियम आपल्या हातात होता. तरीही मी त्याला विचारतो, की तो नियम डिसेंबरात त्या ओसरीवर बोलून कोण दाखवणार होतं, आणि कोणत्या शब्दांत? नियम कागदावर होताच. तो तोंडाने मोडला गेला, आणि मोडणाऱ्याला कळलंही नाही.

त्यानंतरच्या करारांत रकमेच्या कलमाखाली एक ओळ असते, फारसीत आणि हिंदीत : हे कलम तोंडी बोलण्याने बदलणार नाही. हाजी आगांनी ती वाचली तेव्हा म्हणाले, "बी-तआरोफ." म्हणजे शिष्टाचार बाजूला ठेवून, आपल्या भाषेत रोखठोक. हा शब्द त्यांच्याकडे आधीपासूनच होता. त्यांचीही माणसं या शिष्टाचारात अडकतात आणि त्यातून सुटायला त्यांनी शब्द करून ठेवला आहे. आता नानाही व्यवहार सुरू होण्याआधी तो म्हणतात, आणि जेवताना म्हणत नाहीत. तक्रारीचा संदेश आला की मामेभाऊ शेवटून वाचतो. थंडीत भरलेल्या मालाची एक पेटी इथे जळगावातच पिकवून रंग बघतात, मगच बाकीचा माल जातो. हाजी आगांशी आजही व्यवहार चालू आहे.

त्या अकरा शेतकऱ्यांपैकी दहा जण अजून नानांना माल देतात. बैठकीत सगळ्यांसमोर बोललेला तो अकरावा बऱ्हाणपूरच्या लिलावात माल नेतो. नाना त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. तो ओसरीवर बसवतो, चहा पाजतो, तब्येत विचारतो, आणि पुढच्या हंगामाचं विचारलं की म्हणतो, "बघू नाना."

त्याचा अर्थ नानांना कुणाकडून उलगडून घ्यावा लागत नाही.